ग्राहकाने व्हिडिओत आमचा दोष दाखवलाय, एजन्सी म्हणते नोटीस पाठवा. तुम्ही काय केलं असतं?

इंद्रायणीकाठ

नमस्कार. जरा लांबलचक लिहिते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

भोसरी एमआयडीसीत आमची चौदा जणांची कंपनी आहे. शीतगृहं, आइस्क्रीमच्या गाड्या, औषधांचे वितरक यांच्यासाठी आम्ही तापमान नोंदवणारे डेटा लॉगर बनवतो. मी मूळची इलेक्ट्रॉनिक्सची, सहा वर्षं टेस्टिंग सांभाळलं. गेल्या दिवाळीत मार्केटिंग बघणारे गृहस्थ सोडून गेले आणि मालक म्हणाले, "तुला बोलता येतं, तूच बघ."

आजवर आमचं मार्केटिंग म्हणजे डीलरांकडचे फ्लेक्स, प्रदर्शनातला तीन बाय तीनचा स्टॉल आणि एका व्यावसायिक मासिकात वर्षाला दोन अर्धपानी जाहिराती. यंदा मुंबईच्या एका एजन्सीने साडेतीन लाखांचं पॅकेज दिलंय. पाच इन्फ्लुएन्सर, प्रत्येकाचा एक व्हिडिओ. बातम्यांच्या दोन साइटवर आमच्याबद्दल लेख, जे "बातमीसारखेच दिसतील". शिवाय मालकांच्या नावाने लिंक्डइनवर महिन्याला आठ पोस्टी, ज्या एजन्सीतला मुलगा लिहिणार. त्या मुलाने लॉगर अजून हातातही घेतलेला नाही.

हे चालू असताना पिंपळगावकडच्या एका शीतगृहाच्या मालकांनी व्हिडिओ टाकला. स्टीलच्या पातेल्यात फोडलेला बर्फ, त्यात थोडं पाणी, दहा मिनिटं ढवळलं आणि आमचा प्रोब, म्हणजे लॉगरची तापमान मोजणारी नळी, बुडवला. शून्य दिसायला हवं. लॉगर दाखवतो ३.८. शेजारी त्यांचा जुना पाऱ्याचा थर्मामीटर बरोबर शून्यावर. माणूस कुठे आवाज चढवत नाही. शेवटी एवढंच म्हणतात की, हा आकडा खरा धरून मी खोली आणखी चार अंश खाली नेली असती, तर आतली द्राक्षं गोठली असती. २,३०० जणांनी पाहिलाय. आमच्या धंद्यात २,३०० म्हणजे जवळजवळ सगळेच आले.

मी त्या बॅचचे उरलेले प्रोब तपासले. ते खरं बोलताहेत. स्टीलची नळी आणि केबल जिथे जुळते तिथलं सील त्या ६० प्रोबमध्ये नीट बसलेलं नाही. आत ओल शिरते, थर्मिस्टरला (तापलं की रेझिस्टन्स कमी होतो तो तापमान ओळखणारा भाग) समांतर विजेची गळती सुरू होते, रेझिस्टन्स कमी भरतो, आणि लॉगरला वाटतं की तापमान जास्त आहे. टेस्टिंग मीच करत होते. कोरड्या प्रोबवर चाचणी घेतली, दमट जागेत आठवडाभर ठेवून घेतली नाही. ही माझी चूक आहे.

एजन्सी म्हणते, वकिलाची नोटीस पाठवून व्हिडिओ काढायला लावा आणि आपले पाच व्हिडिओ लगेच टाका, म्हणजे शोधल्यावर हा खाली जाईल. मालक दुग्ध्यात आहेत. सोमवारी बैठक आहे. नुसतं "हे बरोबर नाही" म्हटलं तर ते ऐकणार नाहीत. आधी कोणावर अशी वेळ आली होती, त्यांनी काय केलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे मला त्यांच्यापुढे ठेवायचं आहे. शिवाय या पॅकेजचं काय करावं?

बोरीबंदर

ताई, मी याच क्षेत्रात आहे, एका एजन्सीत. नोटीस पाठवू नका, हे मीही सांगेन. शेतकऱ्याला कंपनीने नोटीस दिली हीच उद्या बातमी होते. पण चूक जाहीर करायचीही घाई नको. फोन करा, प्रोब बदलून द्या, हवं तर एक लॉगर जादा द्या आणि गोडीत विनंती करा की व्हिडिओ काढून टाका. बहुतेक लोक काढतात. बाकीच्या प्रोबचं डीलरांमार्फत शांतपणे बघून घ्या. लहान कंपनीची एक जाहीर कबुली प्रतिस्पर्ध्याचा सेल्समन वर्षभर फोनमध्ये घेऊन फिरतो, हे मी पाहिलंय.

जुना_अंक

ताई, बोरीबंदर यांची काळजी मला कळते, पण माझं मत उलट आहे. तुम्हाला आधीची उदाहरणं हवी आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

१९९३ ते २००९ मी मुंबईत एका संगणक मासिकात होतो. आधी उपसंपादक, नंतर चाचणी विभाग. १९९४च्या नोव्हेंबरात इंटेल कंपनीच्या पेंटियम या संगणकाच्या चिपचं प्रकरण निघालं. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, म्हणजे आमच्या कचेरीत ते नव्हतंच. पवईच्या आयआयटीतल्या मित्राने यूजनेटवरच्या (इंटरनेटवरचे तेव्हाचे चर्चागट) चर्चेचे कागद छापून आणून दिले, पंचवीस-तीस पानं असतील. थॉमस नाइसली नावाचे व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक. जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते, ती जुळेना. काही महिने स्वतःचाच प्रोग्राम तपासत राहिले, मग लक्षात आलं की चिपच भागाकार चुकतेय. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी काही ओळखीच्या लोकांना ईमेल लिहिली. ती एकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि चर्चागटावर पोहोचली. ७ नोव्हेंबरला एका अभियांत्रिकी साप्ताहिकात आली, २२ला सीएनएनवर.

त्या कागदांत एक भागाकार होता: ४१,९५,८३५ भागिले ३१,४५,७२७. उत्तर १.३३३८२ यायला हवं, सदोष चिप १.३३३७४ देते. तो आकडा मी चिठ्ठीवर लिहून घेतला आणि लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, ओळखीच्या दुकानात गेलो. पेंटियम लावलेल्या मशीनवर स्प्रेडशीट उघडून टाकला. १.३३३७४ आलं. दुकानदाराने तीनदा करायला लावलं. तोवर यंत्राच्या बाबतीत आम्ही छापू ते प्रमाण असे. त्या दिवशी कोणालाही चिठ्ठीवरचा आकडा घेऊन दुकानात जाता आलं असतं, मासिकाची गरजच नव्हती. तुमच्या शीतगृहवाल्यांचं बर्फाचं पातेलं म्हणजे मला ती चिठ्ठीच वाटते. कोणीही घरी करून बघू शकतो. अशा गोष्टीला वकील काय करणार?

आता इंटेलने काय केलं ते बघा, मालकांपुढे हेच ठेवा. दोष त्यांना त्या उन्हाळ्यातच सापडला होता. गवगवा झाल्यावर त्यांनी सांगितलं की सर्वसाधारण वापरणाऱ्याला २७,००० वर्षांत एकदा चूक दिसेल, आणि ज्याला खरंच गरज आहे त्याने तसं पटवून दिलं तर चिप बदलून देऊ. गणित कदाचित बरोबरही असेल. पण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूसाठी लोकांना अर्ज करायला लावलं, ते लोकांना सहन झालं नाही. १२ डिसेंबरला आयबीएमने त्या चिपची यंत्रं पाठवणं थांबवलं. २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला बदलून देण्याचं कबूल केलं आणि हिशेबात ४७.५ कोटी डॉलर तोटा म्हणून लिहून टाकावे लागले. पहिल्याच आठवड्यात हे कबूल केलं असतं, तर इतकी शोभा झाली नसती असं मला आजही वाटतं.

दुसरं डेल या संगणक कंपनीचं. २००५च्या जूनमध्ये जेफ जार्विस या अमेरिकी पत्रकाराने आपल्या ब्लॉगवर लिहिलं की, घरी येऊन दुरुस्ती करण्याचे जादा पैसे भरूनही लॅपटॉप नीट झाला नाही. त्याखाली शेकडो लोकांनी आपापल्या तक्रारी लिहिल्या. त्या काळात डेल बोलायलाच तयार नव्हती. कंपनीने स्वतःचा ब्लॉग काढला तो वर्षभराने, जुलै २००६मध्ये. तोवर ओसाकातल्या एका परिषदेत पेटलेल्या डेल लॅपटॉपचे फोटो जगभर फिरले होते. त्यांच्या माणसांनी ब्लॉगवर त्या फोटोचाच विषय काढला, तेव्हा लोक पहिल्यांदा ऐकायला लागले. ऑगस्टमध्ये ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. फेब्रुवारी २००७मध्ये ग्राहकांच्या सूचनांसाठी वेगळी साइट उघडली. त्या सूचनांतूनच पुढे विंडोजऐवजी उबंटू ही फुकट प्रणाली घातलेले लॅपटॉप विकायला आले.

तिसरं मला सगळ्यात जवळचं. ३१ ऑक्टोबर २००५ला मार्क रुसिनोविच यांनी लिहिलं की, सोनी बीएमजी या संगीत कंपनीची गाण्याची सीडी संगणकात घातली की ती एक लपलेलं सॉफ्टवेअर बसवते, आणि ते काढायला गेलं तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा होतो. ते विंडोजच्या पोटातलं जाणणारे प्रोग्रामर. स्वतःच बनवलेलं एक साधन तपासताना हे त्यांना सापडलं. मी चाचणी विभागात होतो, आमच्याकडे शेकडो सीड्या येत, पण मला हे सापडलं नसतं. ते वाचलं त्या रात्री मी फार अस्वस्थ झालो. मी बारा वर्षं ज्याला माझं काम समजत होतो, ते खरं जाणणारा माणूस थेट वाचकांशी बोलून माझ्यापेक्षा चांगलं करत होता. नोव्हेंबरात सोनीने त्या सीड्या परत मागवल्या.

म्हणून त्या लिंक्डइनच्या आठ पोस्टींना माझा ठाम विरोध आहे. ब्लॉगमुळे कंपन्यांना मिळालं काय, तर ज्याला माहीत आहे त्यालाच बोलता आलं. रॉबर्ट स्कोबल २००३ ते २००६ मायक्रोसॉफ्टमध्ये होते आणि ब्लॉग लिहीत. त्यांचं लोक का वाचत? कारण ते स्वतःच्या कंपनीच्या वस्तूला वाईट म्हणत आणि दुसऱ्याची चांगली असेल तर तसं लिहीत. २००४मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'चॅनल ९' काढलं, त्यात प्रोग्राम लिहिणारी माणसं कॅमेऱ्यासमोर बसून आपलं काम समजावत. तुमच्याकडे सीलचं बिनसलं कसं हे सांगू शकणारी एक व्यक्ती आहे, ती तुम्ही. आणि साडेतीन लाख देऊन लिहायला बसवणार कोणाला, तर लॉगर न पाहिलेल्या मुलाला.

मासिकाबद्दलही थोडं सांगतो, कारण "बातमीसारखे लेख" मला लागलं. १९९९मध्ये आम्ही सात प्रिंटर तपासले. पान मोजून, काडतुसाचं वजन करून, दर पानाचा खर्च काढला. सगळ्यात जास्त जाहिरात देणाऱ्या कंपनीचा प्रिंटर शेवटून दुसरा आला. छापलं. त्या कंपनीने सहा महिने जाहिरात बंद केली. मालकांनी संपादकांना बोलावून फक्त विचारलं, "आकडे बरोबर आहेत ना?" एवढंच. सहा महिन्यांनी जाहिरात परत आली, कारण आमचे वाचक प्रिंटर घेत होते. पुढे वाचक इंटरनेटवर फुकट वाचायला लागले आणि जाहिराती त्यांच्यामागे गेल्या. अमेरिकेत 'इन्फोवर्ल्ड'ने २००७मध्ये छपाई बंद केली, 'पीसी मॅगझिन'ने २००९च्या सुरुवातीला. आमच्याकडे मालक बदलले. २००८मध्ये एका उपकरणाचं परीक्षण मी लिहून दिलं आणि ते जाहिरात विभागाकडे "नजर टाकायला" गेलं. तिथून आलं तेव्हा उष्णतेबद्दलचा परिच्छेद नव्हता. वर माझं नाव होतं. पुढच्या मार्चमध्ये मी सोडलं. ते उपकरण घेतलेल्या एका वाचकाचं पत्र मी अजून ठेवलं आहे.

बोरीबंदर, तुम्ही सेल्समनबद्दल म्हणता ते होईल. तो व्हिडिओ दाखवेल. पण शेजारी कंपनीचं उत्तर असेल तर ग्राहक दोन्ही बघतो. व्हिडिओ काढून टाकलात तरी कोणाच्या तरी फोनमध्ये तो राहणारच, आणि मग नुसता तोच राहील.

रात्रपाळी

मी पुण्यातल्या एका दैनिकात आहे, तंत्रज्ञान आणि व्यापाराचं पान बघते. जुना_अंक काकांनी लिहिलेलं वाचून थांबवेना.

बातमीसारखा दिसणारा लेख म्हणजे नेमकं काय, ते ताईंना आतून सांगते. तो आमच्या जाहिरात विभागाकडून येतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. मोबाइलवर ती ओळ कोणाला दिसत नाही, आणि न दिसणं यालाच किंमत असते. ज्या दिवशी वाचकाला कळतं त्या दिवशी तो तुमच्यावर चिडतोच, माझ्या खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवेनासा होतो. म्हणून मी हे हात जोडून सांगते आहे, नका घेऊ.

छापील जाहिरातीचं वजन किती राहिलं, त्याला आपल्याकडचीच दोन उदाहरणं आहेत. फेब्रुवारी २०१६मध्ये पानभर जाहिराती आल्या की २५१ रुपयांत स्मार्टफोन, 'फ्रीडम २५१'. आमच्या कचेरीतले शिपाईसुद्धा नोंदणी करत बसले होते. परीक्षणासाठी जे नमुने वाटले होते, त्यांवरचं 'अ‍ॅडकॉम' या दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरने झाकलेलं होतं. ज्यांच्या हातात तो फोन आला त्यांनी नखाने खरवडून फोटो टाकले. पानभर जाहिरातीपुढे तो खरवडलेला डाग जास्त बोलला. वर्षभराने कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली.

दुसरं नेट न्यूट्रॅलिटीचं, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखीच वागणूक द्यायची या तत्त्वाचं. २७ मार्च २०१५ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, लोकांची मतं मागवणारा ११८ पानी मसुदा काढला, त्यात २० प्रश्न. तो आमच्या डेस्कवर आला तेव्हा मी एक कॉलमाची बातमी केली आणि पुढच्या कामाला लागले, हे मला आज लिहितानाही बोचतं. 'मीडियानामा' ही बातम्यांची साइट चालवणारे निखिल पाहवा आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी ती ११८ पानं वाचली, वीसही प्रश्नांची उत्तरं तयार करून लोकांपुढे ठेवली. मग विनोदी व्हिडिओ करणाऱ्या एआयबीच्या मुलांनी तेच सोपं करून सांगितलं. ट्रायला दहा लाखांवर ईमेल गेल्या. १४ एप्रिलला फ्लिपकार्टने एअरटेलच्या योजनेतून (कंपनीने पैसे भरले की तिचं अ‍ॅप ग्राहकाला फुकट) अंग काढून घेतलं. डिसेंबरमध्ये फेसबुकने 'फ्री बेसिक्स'साठी, म्हणजे ठरावीक साइटच फुकट देणाऱ्या योजनेसाठी, पानंच्या पानं जाहिराती दिल्या, होर्डिंगं लावली. ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायचा निर्णय आला, आणि वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावायला बंदी झाली.

पण नव्या माध्यमाकडे सगळं चांगलंच आहे असं मी म्हणणार नाही. मे २००७मध्ये 'एनगॅजेट' या तंत्रज्ञानाच्या ब्लॉगने अ‍ॅपलच्या आतली म्हणून एक ईमेल छापली की आयफोन लांबणीवर पडलाय. ईमेल बनावट होती. खुलासा लवकर आला, पण त्या काही मिनिटांत अ‍ॅपलच्या बाजारमूल्यातून सुमारे ४०० कोटी डॉलर गेले होते. आमच्याकडे रात्री साडेअकराला पान सोडण्याआधी एक फोन करायची सवय होती. ती सवय आता आमच्याकडेही पातळ होत चालली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ताई, तुम्ही खुलासा काढलात तर मला कळवा. बातमी करेन याचं वचन देत नाही, पण फोन नक्की करेन. आणि त्या शीतगृहवाल्यांनाही करेन.

द्राक्षपट्टा

राम राम. निफाड तालुक्यातला आहे. चार एकर बाग, आणि शेतीच्या यंत्रांचे मराठीत व्हिडिओ करतो. ब्लोअर, पंप, ड्रिपचे टायमर. तो बर्फाचा व्हिडिओ आमच्या तीन ग्रुपवर आला होता, मी पाहिलाय. तुमची कंपनी कोणती ते इथे लिहीत नाही.

इन्फ्लुएन्सरचं खरं काय ते मी सांगतो. मला एका कंपनीने फवारणी पंपासाठी चाळीस हजार देऊ केले, बरोबर दोन पानांची स्क्रिप्ट. त्यात लिहिलेलं, "मी हा पंप दोन हंगाम वापरतोय." पंप बाजारात येऊन तीन महिने झाले होते. परत पाठवला. ज्या माणसाने तो घेतला असता तो मला बाजार समितीत भेटतो. त्याला मी तोंड काय दाखवणार?

कायदाही बघून घ्या. २०२१मध्ये जाहिरात मानक परिषदेने इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले. जानेवारी २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने सांगितलं की पैसे, वस्तू, प्रवास काहीही घेतलं असेल तर व्हिडिओत स्पष्ट, सोप्या भाषेत सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. दंड फक्त आमच्यासारख्यांना नाही, कंपनीलाही. तुमची एजन्सी पाचही व्हिडिओंत "पैसे घेऊन केलेला व्हिडिओ" असं ठळक लिहायला तयार आहे का, एवढं विचारा. तिथेच कळेल.

आणि बाहेर बघायचं तर अमेरिकेतल्या मार्केस ब्राउनलीचं बघा, तो यूट्यूबवर वस्तूंची परीक्षणं करतो. २०२४च्या फेब्रुवारीत त्याने फिस्कर कंपनीच्या विजेवरच्या गाडीला साफ वाईट म्हटलं. गाडी कंपनीने दिलेली नव्हती, एका डीलरकडून मागून आणली होती. जूनमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. लोक म्हणाले, एका व्हिडिओने कंपनी बुडवली. मला नाही पटत. गाडीचं सॉफ्टवेअर कच्चं होतं, पैसे आधीच संपत आले होते. त्याने फक्त दिसलं ते सांगितलं.

तुम्ही असं करा. दुरुस्त झालेले दोन लॉगर मला द्या, अट कसली घालू नका, पैसेही नकोत. छाटणीपासून माल निघेपर्यंत शीतगृहात ठेवतो, दर पंधरा दिवसांनी पातेल्यात बुडवतो. चुकला तर चुकला म्हणेन. नंतर लॉगर परत घेऊन जा, मला ठेवायचे नाहीत.

आणखी एक, हे महत्त्वाचं. बर्फाची चाचणी तुमच्या पुस्तिकेतच छापा ना. आमच्याकडे बर्फ आहे, पातेलं आहे.

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे आभार. सोमवार झाला. सांगते.

काकांनी दिलेल्या तारखा कागदावर काढून नेल्या होत्या. त्याबरोबर कॅन्टीनमधून पातेलं आणि बर्फही नेला. एजन्सीचे दोघं व्हिडिओ कॉलवर होते. मी काही बोलायच्या आधी मालकांनी स्वतः प्रोब बुडवला. ४.१ आलं. ते बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. मग इंटेलची पानं वाचली आणि विचारलं, "किती गेलेत बाहेर?"

६० पैकी ४१. डीलरांच्या बिलांवरून २३ ग्राहक सापडले, त्यातले दोन औषधांचे वितरक. त्यांना त्याच संध्याकाळी फोन केले. औषधांच्या बाबतीत खोली जास्त थंड राहिली असेल तर काही लशी गोठून निकामी होतात, ही भीती मला रात्रभर होती. दोघांकडेही शेजारी दुसरा लॉगर होता, आणि त्यांनी आमच्या आकड्यावर काही बदललं नव्हतं.

पॅकेज घेतलं नाही. त्यातले ऐंशी हजार नव्या सीलवर आणि दमट हवेच्या चाचणीच्या पेटीवर जाताहेत.

पिंपळगावला मी स्वतः गेले. त्यांनी चहा दिला, शीतगृह दाखवलं. व्हिडिओ काढा असं मी म्हटलं नाही. तेच म्हणाले, "काढत नाही, पण तुमचं पत्र आलं की खाली लावतो."

पत्राचा मसुदा असा आहे, बघून सांगा:

"आमच्या काही प्रोबमध्ये तापमान किंचित जास्त दिसण्याची शक्यता आढळली आहे. ग्राहकांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया आपल्या डीलरशी संपर्क साधावा."

जुना_अंक

ताई, हे मालकांनी किंवा वकिलांनी लिहिलेलं दिसतं. तुम्ही इथे पहिल्या दिवशी लिहिलंत ते याहून कितीतरी चांगलं होतं. "काही" काढा, ६० लिहा, अनुक्रमांक कुठून कुठवर ते लिहा. "किंचित" काढा, चार अंशांपर्यंत म्हणा. "शक्यता" नाही, आढळलंच आहे. ओल कुठून शिरते ते तुमच्याच शब्दांत दोन ओळींत घाला. आकडा खरा धरून खोली आणखी थंड करू नका, हे सगळ्यात वर, ठळक. डीलरशी संपर्क ग्राहकाने का साधायचा? तुमच्याकडे २३ नावं आहेत, प्रोब तुम्ही पाठवा. दोष कोणी दाखवला त्यांचा उल्लेख त्यांची परवानगी घेऊन करा. आणि खाली कंपनीच्या नावाबरोबर तुमचं नाव आणि फोन.

इंद्रायणीकाठ

बदललं. "चार अंशांपर्यंत" यावर मालक अडले होते, मग त्यांनीच सही केली. परवानगी मिळाली, फक्त गावाचं नाव घाला म्हणाले. बदली प्रोबपैकी १७ आज कुरियरने गेले, बाकीचे पेटीत आठवडा काढल्यावर जातील. रात्रपाळी ताई, पत्र उद्या सकाळी दहाला लागतंय. द्राक्षपट्टा दादा, दोन लॉगर तुमच्यासाठी बाजूला ठेवलेत, पत्ता निरोपात कळवा.